चीज न पाहिलेल्या मुलीचा तक्ता

मंगळवार, १७ ऑक्टोबर १९७८

मी बाद झाले नव्हते. बाकी सगळं नंतर. हे आधी शाईने लिहून ठेवते.

काल कोजागिरीनिमित्त आमच्या गल्लीने बायकांसाठी हळू सायकलची शर्यत ठेवली होती. जी सगळ्यांत शेवटी पोहोचेल ती जिंकली. पाय टेकला किंवा सायकल थांबली की बाद. साठीची मी एकटीच, बाकी सगळ्या पोरीसोरी. पण एकतीस वर्षं मी सायकलने शाळेत गेले आहे, तीही नागपूरच्या सीताबर्डीच्या गर्दीतून. हळू चालवणं मला कोण शिकवणार? शेवटी मी आणि कोपऱ्यावरच्या बँकवाल्यांची सून, अशा दोघीच उरलो. ती डुगडुगत होती. मी समईच्या ज्योतीसारखी स्थिर. आणि नेमकी तेव्हाच पंचांनी माझ्या कानाशी शिट्टी फुंकली.

पंच म्हणजे महादेवराव. माझ्या खालच्या मजल्यावरचे भाडेकरू, रेल्वेतले निवृत्त गार्ड. शिट्टीसुद्धा रेल्वेचीच. एखादी मालगाडी सुटली असती. मी दचकले, डावा पाय टेकला, सायकल उजवीकडे गेली, मी डावीकडे, आणि गुडघ्याला कुणीकडे जावं ते कळलं नाही.

मी रस्त्यावर आडवी, आणि हा गृहस्थ हात वर करून ओरडतो, "यमुताई आउट!"

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट अर्धवट फाटलं आहे. दोन हाडांना बांधून ठेवणारी दोरी. तीन आठवडे प्लास्टर. मी विचारलं, "आहार काय ठेवायचा?" ते म्हणाले, "नेहमीचं खा." एकतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलेल्या बाईला हे उत्तर! माझ्या वर्गात असं लिहिलं असतं तर मी त्यांना बाकावर उभं केलं असतं.

चौघांनी मला खुर्चीत बसवून वर आणलं. सतरा पायऱ्या. खुर्चीचा एक पाय महादेवरावांनी धरला होता आणि प्रत्येक पायरीवर ते "सावकास, सावकास" म्हणत होते, जणू शर्यत अजून चालूच आहे.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

मुकुंद भिलाईहून आला आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. माझा एकुलता मुलगा. चांगला आहे, पण इंजिनिअर आहे. त्याला प्रत्येक गोष्ट उचलून दुसरीकडे ठेवावीशी वाटते.

"आई, पुरे झालं आता. भिलाईला चल. सायकल विकून टाकू."

"सायकलने काय केलं? शिट्टीने केलं."

बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं: तो चोवीस डिसेंबरला येईल. त्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी, कुणाचाही हात न धरता, जिना उतरून फाटकापर्यंत आले तर इथेच राहीन. नाही आले तर घर सोडायचं.

माझी सून गुणी आहे. पण मी तिथे गेले की मला मऊ भात वाढतात आणि माझ्याशी मोठ्याने बोलतात. मला ऐकू येतं.

शुक्रवार, २० ऑक्टोबर

डॉक्टर नाही तर नाही. आहारतक्ता मी स्वतः लावला आहे. नवा करायची गरजच पडली नाही. माझ्या फायलीत पुठ्ठ्यावर चिकटवलेला तो नमुना तक्ता आहे: "आजारातून उठणाऱ्या व्यक्तीचा आठवड्याचा आहार". माझ्याच एका विद्यार्थिनीने कधीकाळी केलेला. वीस वर्षं तो वर्गात टांगलेला होता. इन्स्पेक्टरांनी दोनदा उतरवून घेतला होता. आमच्या कॉन्व्हेंटच्या मदर बेनेडिक्टांच्या पुस्तकाशी तंतोतंत जुळतो. सकाळी बार्लीचं पाणी आणि टोस्ट. दुपारी पातळ सूप, चीजचा तुकडा. संध्याकाळी कस्टर्ड. रात्री अरारूट. अक्षर तर असं की मोती ओवावेत.

इंदूबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येते. तिला चीज आणायला पाठवलं. सदर बाजारापर्यंत जाऊन डबा घेऊन आली, उघडला, वास घेतला.

"बाई, हे तं साबन हाये."

"चीज आहे."

"साबनच हाये. तुमाले फसवलं थ्यानं."

शनिवार, २८ ऑक्टोबर

तक्ता काटेकोर चालू आहे. दुपारी जरा गरगरतं. शरीर शुद्ध होत असावं. तशी पडून राहणाऱ्याला भूक लागायचं कारण नाही, पण काल स्वप्नात मला झुणका दिसला. निव्वळ झुणका. बाकी काही घडलं नाही.

महादेवरावांनी इंदूबाईबरोबर टोपलीभर संत्री पाठवली. त्यांच्या भावाचा काटोलला बगीचा आहे. ही सरळसरळ लाच आहे. टोपली परत पाठवणार होते, पण व्हिटॅमिन सी बरं होणाऱ्या शरीराला लागतं, हे मीच हजार मुलींना शिकवलं आहे. औषध म्हणून एक सोललं. औषध म्हणून सहा खाल्ली.

बुधवार, १ नोव्हेंबर

दिवाळी. सगळ्या गल्लीने माझ्या गुडघ्यासाठी फराळ करायचं ठरवलेलं दिसतं. डिंकाचे लाडू तीन घरांतून, मेथीचे दोन घरांतून. सगळे परत. तक्त्यात लाडू नाहीत. इंदूबाई डबे उचलताना म्हणाली, "बाई, लोकं देऊन राह्यले, अन् तुमी ते बार्लीचं पानी पिऊन राह्यल्या. ढोराले बी आम्ही त्यात मीठ टाकतो."

दुपारी महादेवराव स्वतः आले. दारातच उभे.

"बाई, आत येऊ का?"

"निकाल बदलायला आला असाल तर या."

"मंग जातो," म्हणाले, आणि बसले. "मले एक सांगा. सायकल उभी होती का नोती?"

"नव्हती. चाक बोटभर पुढे सरकत होतं."

"मले नाई दिसलं."

"मग तुम्ही पाहत कुठे होता?"

त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणखी चार संत्री ठेवली आणि गेले. खोटं पकडलं गेलं की माणसं अशीच करतात.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

प्लास्टर कापलं. आतून जो पाय निघाला तो माझा नव्हे. शेवग्याची शेंग आहे. मी जमिनीवर टेकवला तर तो थरथरला आणि मी खाटेवर बसले ती उठलेच नाही. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट जुळतं आहे, पण मांडीत जोर राहिलेला नाही. व्यायामासाठी कुणाला तरी पाठवतो.

सत्तेचाळीस दिवस उरले. आज पहिल्यांदा भीती वाटली. लिहिलं. आता पुसणार नाही.

बुधवार, ८ नोव्हेंबर

आज आलेली व्यायामवाली बाई पस्तिशीची, ताठ, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. आल्या आल्या मोजपट्टी काढून माझ्या दोन्ही मांड्या मोजल्या.

"चार सेंटिमीटरचा फरक. बाई, तुम्ही जेवता काय?"

मी अभिमानाने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. ती जवळ गेली. वाचलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडते की काय. हसत होती!

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"बाई, हा तक्ता मले पाठ आहे." मग जरा सावरून म्हणाली, "मी प्रेमिला. आठवी ब. तुम्ही ओळखलं नाही."

प्रेमिला गजभिये! शेवटून दुसरा बाक. मी म्हटलं, तक्ता वीस वर्षं टांगलेला होता, अर्ध्या नागपूरला पाठ असेल. ती म्हणाली, तसं नाही. तो मीच लिहिलाय.

मी म्हटलं, अशक्य. प्रेमिलाला मी शून्य दिलं होतं. ते मला आठवतं, कारण माझ्या सगळ्या नोकरीत शून्यं मोजकीच.

"हो. पहिल्याला शून्य. मग तुम्ही म्हणालात, पुन्हा लिही. हा दुसरा."

मग तिने सांगितलं. छप्पन साल. तिचे वडील गिरणीत होते. श्रावणात त्यांचा गुडघा असाच मुरगळला, उभं राहता येईना. तिची आई त्यांना जे खाऊ घालत होती ते तिने तक्त्यात जसंच्या तसं उतरवलं: ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, चवळीची भाजी, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, सुकट, आवळे, आणि मंगळवारी अंडं, कोंबडीने दिलं तर. दसऱ्याला वडील दीक्षेला पायी गेले, सगळं घर पांढऱ्या कपड्यांत मागे. पुढच्या आठवड्यात तिने वही दिली. मी लाल शाईने शेरा लिहिला: "हे जेवण नव्हे."

"मग मी पुस्तकातलं लिहिलं. दहापैकी नऊ मिळाले."

"चीज कुठे पाहिलंस तू?"

"कुठेच नाही, बाई. मला वाटायचं, ते एक फळ आहे."

मी तिला सांगितलं की व्यायाम शिकवायला आली असशील तर व्यायाम शिकव.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

इंदूबाईला पाणी उकळायला लावलं आणि वाफेवर धरून तक्ता पुठ्ठ्यावरून सोडवला. मागच्या बाजूला, मोत्यासारख्या अक्षरात: कु. प्रेमिला गजभिये, आठवी ब.

म्हणजे मी, सुवर्णपदक मिळवलेली गृहशास्त्राची शिक्षिका, तीन आठवडे एका तेरा वर्षांच्या मुलीने कधी न पाहिलेल्या चीजवर जगते आहे. बार्लीसुद्धा तिने पाहिली नसणार. ती हे सगळं माझी मर्जी राखायला लिहीत गेली, मी ते इन्स्पेक्टरला दाखवत गेले, इन्स्पेक्टर उतरवून घेत गेले. या जिल्ह्यात आणखी किती पेशंट कस्टर्डवर पडून असतील, देव जाणे.

आधी संताप आला. मग हसू आलं ते थांबेना. इंदूबाई पळत आली. "काय झालं वं बाई?" मी तिला सांगितलं, झुणका कर. भाकर कर. आणि ते चीज?

"त्यानं काल भांडे घासून पाह्यले," ती म्हणाली. "निंघत नाई."

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रेमिला आईला घेऊन आली. बायजाबाई. सत्तरीच्या, वाळकुड्या, जिना माझ्या डॉक्टरापेक्षा भराभर चढल्या. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच का वं थे मास्तरीन? माह्या सैपाकाले शून्य देनारी?"

"आई!" प्रेमिला म्हणाली.

"तू गप वं. इचारू दे. काहून देल्लं शून्य?"

मला आयुष्यात कुणी जाब विचारला नव्हता, मदर बेनेडिक्टांनंतर. मी म्हटलं, पुस्तकात नव्हतं.

"पुस्तकाले गुडघे असतेत का?"

हे वाक्य मी इथे केवळ नोंद म्हणून लिहिते आहे.

त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. इंदूबाईचं आणि त्यांचं दोन मिनिटांत असं जुळलं की माझ्याविषयीच बोलत असणार. प्रेमिलाने मला खडसावून सांगितलं, की खाण्याने दोरी शिवली जात नाही; शरीर आपलं आपण विणतं, खाणं फक्त सूत पुरवतं. वरण, अंडी, सुकट यांनी मांडी भरेल, आवळा-संत्र्याने विणकामाला मदत होईल, पण व्यायाम चुकवला तर सगळं पोटावर जाईल. माझ्या वर्गात ही मुलगी बोलत का नसे?

जाताना बायजाबाई म्हणाल्या, "आता थे शून्य वापस घे."

"आधी निकाल लागू द्या," मी म्हटलं. "चोवीस तारखेला जिना उतरले तर बघू."

"लय खमकी हाये," त्या प्रेमिलाला म्हणाल्या. मला वाटतं, ही स्तुती होती.

रविवार, २६ नोव्हेंबर

तीन पायऱ्या! खाली तीन, वर तीन. कठड्याला बोट लावून, पण तीन!

मी सगळं खाते आहे. गल्लीतले लाडू परत मागवले. दोन घरांनी नवे करून दिले, एका घराने टोमणाही बरोबर दिला. सुकट शिजली तेव्हा खालून महादेवरावांनी हाक मारली, "बाई, वर काय होऊन राह्यलं?" मी म्हटलं, विज्ञान. ते म्हणाले, "मंग वाटीभर विज्ञान खाली पाठवा." पाठवलं. लाच परत केली पाहिजे.

ते हल्ली रोज सकाळी जिन्याखाली खुर्ची टाकून पेपर वाचतात. त्यांच्या घरात उजेड कमी असेल.

रविवार, १० डिसेंबर

काल मूर्खपणा केला. बारा पायऱ्या झाल्या होत्या, म्हणून कुणी नसताना सतराही उतरायला गेले. चौदाव्या पायरीवर पाय लटपटला. पडले नाही, पण गुडघा टोमॅटोसारखा सुजला. महादेवराव खालून धावत आले. खालच्या पायरीवर बसून राहिले, इंदूबाई येईपर्यंत. टोपी उलटी घातली होती. वय झालं आहे त्यांचं.

प्रेमिलाने चार दिवस जिना बंद केला. मी तिच्यावर ओरडले. म्हटलं, तुझा तक्ताही खोटा, तुझा व्यायामही खोटा. ती शांतपणे पट्टी बांधत राहिली. मग म्हणाली, "बाई, माझे वडीलही पडले होते दोनदा. ते मी तक्त्यात लिहिलं नव्हतं."

ती गेल्यावर मी भिलाईचा विचार केला. मऊ भात. मोठ्याने बोलणं. सायकल कुणा अनोळखी पोरीकडे. रडले. आवळ्याचा मोरंबा खाल्ला. दोन्ही गोष्टी एकदमच केल्या.

बुधवार, २० डिसेंबर

सूज गेली. मांडीतला फरक दीड सेंटिमीटरवर आला. काल तेरा, आज पंधरा पायऱ्या, बोट न लावता.

महादेवरावांनी आज आपणहून विषय काढला. जिन्याखाली उभं राहून माझ्याकडे वर पाहत म्हणाले,

"बाई, खरं सांगतो. सायकल चालू होती."

"शेवटी कबूल!"

"मी तुमच्याकडं पाहतच राह्यलो. शिट्टी तोंडात होती, कवा वाजली मलेच समजलं नाई. मंग लोकायपुढं काय सांगू? आउट म्हनून मोकळा झालो."

काय बोलावं! गार्डाला स्वतःच्या शिट्टीचं भान नाही. या माणसाच्या हाती गाड्या होत्या. मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं. ते खाली मान घालून हसत होते. त्यांचं हसणं मला समजलं नाही. पण निकाल बदलला, हे महत्त्वाचं. मी इतकी खूश होते की उतरायच्या दोन पायऱ्या राहिल्या होत्या, त्याही उतरले. सतरा!

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. म्हणजे ते माझ्याकडे पाहत होते, तेवढंच; निकाल मात्र सगळ्या गल्लीला.

रविवार, २४ डिसेंबर

मुकुंदची गाडी दोन तास उशिरा. मी नऊपासून जिन्याच्या तोंडाशी, शाळेतली निळी काठाची साडी नेसून. प्रेमिला माझ्या मागे एक पायरी, हात पाठीशी बांधून. आधार द्यायचा मोह होऊ नये म्हणून, म्हणाली. बायजाबाई आणि इंदूबाई कठड्यापाशी. गल्लीतलं अर्धं जग फाटकात. मला वाटलं, मूठभर बायका असतील. बँकवाल्यांची सूनसुद्धा होती, खजील चेहऱ्याने.

अकरा वाजता सायकलरिक्षा थांबली. मुकुंदने वर पाहिलं.

"आई, थांब, मी वर येतो..."

"तू तिथेच थांब!"

जिन्याखाली महादेवराव उभे होते. त्यांनी बगलेतून काहीतरी काढलं. हिरवी झेंडी, रेल्वेची. अंगणात वाऱ्यावर धरली आणि हलवली. शिट्टी मात्र नाही वाजवली. शिकवलं की माणूस शिकतो.

एक, दोन, तीन. सातव्या पायरीला पाय क्षणभर घुटमळला. मागून प्रेमिलाचा श्वास थांबलेला ऐकू आला. मी म्हटलं, "श्वास घे, प्रेमिला, तुझी परीक्षा नाही." "माझीच आहे, बाई," ती म्हणाली. मग बाकीच्या दहा एका दमात. अंगण. तुळस. फाटक. मी फाटकाची कडी मुकुंदच्या नाकासमोर वाजवली.

त्याने खिशात हात घातला. "आई, मी दोन तिकिटं काढून आणली होती."

"एक परत कर. आणि बॅग आत ठेव, जेवण तयार आहे."

वर माझ्या खोलीत सगळे दाटीवाटीने बसलो. भाकर, वरण, चवळी, जवसाची चटणी, सुकट, अंडी, पाटीभर संत्री. मुकुंदने चौथी भाकर मागितली. कुणी कुणाशी मोठ्याने बोललं नाही, सगळेच मोठ्याने बोलत होते, ते वेगळं.

जेवणानंतर प्रेमिलाने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. छप्पन सालचा पहिला तक्ता, आठवून पुन्हा लिहिलेला. अक्षर अजून तसंच मोत्यांचं. शेवटच्या ओळीत तेच: मंगळवारी अंडं, कोंबडीने दिलं तर. खाली एक ओळ नवी होती: मधे दोनदा पडणे.

मी लाल पेन मागितलं. आधी नीट वाचला, कारण मी न वाचता गुण देत नाही. म्हटलं, चटणीचं प्रमाण लिहिलेलं नाही, अर्धा गुण कापावा लागेल.

"प्रमान म्हंजे माहा हात," बायजाबाई म्हणाल्या आणि तो माझ्यापुढे धरला. लहानसा, काळा, जवसाच्या तेलाने चकाकणारा.

दहापैकी दहा दिले. शेरा लिहिला: "हे जेवण आहे." सही केली, तारीख घातली. तारखेवर कुठूनसा एक थेंब पडून अक्षर पसरलं. शाई पातळ असावी.

"बावीस वर्सं लागले वं मास्तरीन तुले," बायजाबाई म्हणाल्या, "एक वही तपासाले."

मी म्हटलं, हळू शर्यतीत जी शेवटी पोहोचते, तीच जिंकते.